शब्दांचे कोठावळे डॉक्टर जेम्स मरे

इंग्रजीच्या तासाला दरवर्षीं कोणी ना कोणी एक प्रश्न विचारतोच, आणि तो विचारणारा मुलगा बहुधा मागल्या बांकावरचा असतो. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दाच्या आरंभीं 'के' हें अक्षर कशाला, आणि मधलीं 'जी' व 'एच' हीं दोन अक्षरें उच्चारावयाचीं नसतील तर लिहावयाचीं तरी कां? शुद्धलेखनांत ज्याचे गुण त्या 'के'पायीं गेलेले असतात त्याचा हा राग रास्तच म्हटला पाहिजे. इंग्रजी भाषाच लहरी, एवढें सांगून पुष्कळ शिक्षक मोकळे होतात. मीही पूर्वीं तसेंच सांगत असें. परंतु या मुक्या अक्षरांचा खरा हिशेब ज्यांनीं मांडला त्या थोर पुरुषाचें चरित्र वाचल्यापासून तें उत्तर देण्याचें धैर्य मला होत नाहीं. त्यांचें नांव सर जेम्स ऑगस्टस हेन्री मरे. आडनांव आपल्या मराठी कानांस किंचित् अशुभ लागतें खरें. परंतु ज्यांचें काम इतकें चिरंजीव झालें अशीं माणसें थोडीं.

स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवर 'हॉइक' नांवाचें लोकरीच्या धंद्याचें एक गांव आहे, आणि त्याच्या जवळच 'डेनम' नांवाचें खेडें आहे. दोन्ही नांवांत उच्चारांत न येणारीं अक्षरें लपलेलीं आहेत, हा योगायोग मोठा मौजेचा. या डेनम खेड्यांत ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं एका शिंप्याच्या घरीं जेम्स यांचा जन्म झाला. आईबापांनीं ठेवलेलें नांव नुसतें जेम्स. परंतु त्या मुलखांत जेम्स मरे नांवाचीं माणसें इतकीं कीं, पुढें अठराव्या वर्षीं त्यांनीं आपण होऊन ऑगस्टस आणि हेन्री हीं दोन नांवें मध्यें घालून घेतलीं. घरची स्थिति बेताची. पुढील शिक्षणाचा खर्च झेपण्यासारखा नसल्यामुळें चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. शाळा सुटली, पण शिकणें सुटलें नाहीं. दगड, वनस्पति, जुनीं थडगीं, तारे, परक्या लिपींतील अक्षरें, जें दिसेल तें हा मुलगा वहींत टिपून घेई. गुरांना लॅटिन नांवांनीं हांक मारून तीं धांवत यावींत म्हणून त्यानें खटपट केली, अशीही एक गोष्ट सांगतात. सतराव्या वर्षीं ते हॉइक येथें दुय्यम शिक्षक झाले आणि विसाव्या वर्षीं तेथल्याच दुसऱ्या एका शाळेचे हेडमास्तर. कॉलेजाचा उंबरठा त्यांनीं तोंवर ओलांडलेला नव्हता.

याच काळांत १८५७ च्या उन्हाळ्यांत त्यांची ओळख एडिंबरो येथील अलेक्झांडर मेल्व्हिल बेल या उच्चारशास्त्राच्या शिक्षकाशीं झाली. जीभ, ओंठ व टाळू यांच्या कोणत्या स्थितींत कोणता ध्वनि निघतो हें बेल यांनीं बारकाईनें तपासलें होतें. आपल्या व्याकरणांत कंठ्य, तालव्य, मूर्धन्य हे वर्ग हजारों वर्षांपासून आहेत, म्हणून आपणांस त्यांत नवल वाटणार नाहीं. परंतु इंग्रजी मुलखांत तें नवेंच होतें. मरे तेथें उच्चारशास्त्र शिकले आणि त्याच्या मोबदल्यांत बेल यांच्या मुलास त्यांनीं विद्युच्छक्तीचे पहिले धडे दिले. तो मुलगा पुढें टेलिफोनचा शोध लावणारा अलेक्झांडर ग्राहम बेल झाला!

१८६२ सालीं मरे यांनीं मार्गरेट स्कॉट या शिक्षिकेशीं लग्न केलें. सुख फार टिकलें नाहीं. एक मुलगी झाली, ती तान्हेपणींच गेली. पत्नीस क्षयानें ग्रासलें. स्कॉटलंडचा हिवाळा सोसणार नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितल्यावरून मरे यांनीं जिवापाड आवडणारी शाळा सोडली आणि ते लंडनला आले. पोटासाठीं त्यांनीं पत्करलेली नोकरी म्हणजे चार्टर्ड बँक ऑफ इंडिया या पेढींतील कारकुनी. हिंदुस्थानशीं व्यापार करणाऱ्या पेढीच्या हिशेबाच्या वह्या दिवसभर लिहावयाच्या आणि रात्रीं रुग्णाच्या उशाशीं भाषांचा अभ्यास करावयाचा, असा क्रम चालला. एवढें करूनही १८६५ सालीं पत्नी गेली. दोन वर्षांनीं एडा रथव्हन या बाईंशीं त्यांचा दुसरा विवाह झाला, त्या वेळीं नवरदेवाच्या पाठीशीं ग्राहम बेल उभे होते. या बाईंनीं पुढें जवळजवळ अर्धशतक मरे यांचा संसार, पत्रव्यवहार व पैशाचा हिशेब सांभाळला. त्या नसत्या तर आपल्या कथेंतील ग्रंथ पुरा होता कीं नाहीं याची मला शंका आहे.

बँकेंत असतांनाच मरे यांनीं ब्रिटिश म्युझियममधील एका जागेसाठीं अर्ज केला. येणाऱ्या भाषांची यादी त्यांत त्यांनीं दिली होती: लॅटिन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, डच, जर्मन, डॅनिश, प्राचीन इंग्रजी, गॉथिक, थोडी रशियन, हिब्रू, सिरियाक, आणि तुलनेपुरतें संस्कृतही. जागा मिळाली नाहीं! शिक्षणखात्याचे व पेढ्यांचे अर्ज लिहून थकलेल्या तरुणांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८७० सालीं ते लंडनजवळच्या मिल हिल येथील शाळेंत शिक्षक झाले आणि पुन्हां आपल्या मूळच्या धंद्यांत आले. स्कॉटलंडच्या दक्षिण भागांतील बोलीवरील त्यांचें पुस्तक १८७३ सालीं निघालें, त्याच वर्षीं ते लंडन विद्यापीठाचे बी. ए. झाले, आणि दुसऱ्या वर्षीं एडिंबरो विद्यापीठानें त्यांना सन्माननीय डॉक्टर केलें. ती डॉक्टरची टोपी ते पुढें कामावर रोज घालीत.

आतां त्या 'के'कडे वळूं. प्राचीन इंग्रजींत हा शब्द साधारण 'क्निख्त' असा उच्चारला जाई. 'क' स्पष्ट, आणि मधला ध्वनि घशांतून निघणारा 'ख'. अर्थही निराळा होता. क्निख्त म्हणजे मुलगा, पोऱ्या. पोऱ्याचा झाला चाकर, चाकराचा झाला धन्याबरोबर लढणारा शिपाई, आणि शिपायाचा मानकरी सरदार. १४७६ सालीं कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, तेव्हांपासून शब्दांचीं रूपें हळूहळू छापाच्या खिळ्यांत अडकून पडलीं. पण लोकांच्या जिभा कांहीं अडकून राहिल्या नाहींत. त्याच सुमाराच्या दोनतीनशें वर्षांत इंग्रजी दीर्घ स्वर आपलीं स्थानें सोडून सरकले. 'नेम' या शब्दांत पूर्वीं 'आ' होता, 'टाइम' या शब्दांत 'ई', आणि 'हाउस' या शब्दांत 'ऊ'. लेखन राहिलें आजोबांचें आणि उच्चार झाला नातवांचा. इंग्रजांस हंसण्यापूर्वीं आपण आपला 'ज्ञ' पाहावा. लिहितांना त्यांत ज् आणि ञ् आहेत. आपण मराठी माणसें 'द्न्य' म्हणतों, आणि हिंदी माणसें 'ग्य' म्हणतात!

अशा प्रत्येक शब्दाचा जन्मापासूनचा वृत्तांत लिहावा, तो प्रथम केव्हां दिसतो, त्याचा अर्थ कोणत्या शतकांत कसा पालटला, हें त्या त्या काळच्या लेखकांच्या वाक्यांनीं सिद्ध करावें, अशी कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटींत १८५७ सालीं निघाली. (याच सालीं मुंबईंत मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली, हें आपणांस अभिमानानें सांगतां येईल.) कल्पना उत्तम, पण दैव खडतर. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज तीस वर्षांचे असतांनाच १८६१ सालीं वारले. दुसरे फर्निव्हल, हे उत्साहाचे केवळ कारंजें, परंतु टापटिपीशीं त्यांचें वैर. वीस वर्षांनीं काम जवळजवळ बुडाल्यासारखें झालें. तेव्हां ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानें खर्च पत्करला, आणि १ मार्च १८७९ रोजीं मरे संपादक नेमले गेले. करार दहा वर्षांचा. ग्रंथ सुमारें सात हजार पृष्ठांचा व्हावयाचा होता. शाळेची नोकरी संभाळून हें काम होईल असें सर्वांस वाटलें. मरे यांनाही वाटलें.

जुन्या संपादकांनीं जमविलेल्या चिठ्ठ्या गाड्यांतून मिल हिलला आल्या, तेव्हां त्यांचें वजन जवळजवळ दोन टन भरलें. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला. दुसऱ्यांत जिवंत उंदरीण कागद कुरतडून पिलांसह सुखानें नांदत होती. 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या इटलींत फ्लॉरेन्स शहरीं सांपडल्या. 'पी'च्या कांहीं चिठ्ठ्या आयर्लंडांत एका तबेल्यांत होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळांनीं तोंवर चूल पेटविली होती. मरे यांनीं बागेंत पत्र्याची एक खोली उभारली, तिला 'स्क्रिप्टोरियम' असें भारदस्त नांव दिलें, आंत हजारावर खणांची मांडणी केली आणि सर्व इंग्रजी वाचकांना छापील विनंतिपत्रें धाडलीं. पुस्तक वाचा, लक्षांत येण्यासारखा शब्द दिसला कीं तो, सालासह, ग्रंथाच्या नांवासह आणि मूळ वाक्यासह अर्ध्या कागदावर लिहून पाठवा, एवढीच मागणी. ब्रिटनांतून व अमेरिकेंतून शेंकडों माणसें फुकट राबूं लागलीं. पुढें या चिठ्ठ्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली.

या स्वयंसेवकांतील दोघांची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. एक फिट्झएडवर्ड हॉल. हे मूळ अमेरिकन. १८४६ सालीं पळून गेलेल्या भावाच्या शोधार्थ कलकत्त्यास येत असतांना गंगेच्या मुखाशीं त्यांचें गलबत फुटलें. अडकून पडलेल्या या तरुणानें देशी भाषा शिकण्यास आरंभ केला आणि तो काशीच्या सरकारी कॉलेजांत संस्कृतचा प्राध्यापक झाला. १८५७ च्या धामधुमींत ते सागरच्या किल्ल्यांत वेढ्यांत सांपडले होते. पुढें इंग्लंडांत विद्वानांशीं भांडण होऊन ते सफक परगण्यांतील एका खेड्यांत एकांतांत राहिले, आणि तेथें मरे यांचीं मुद्रितें तपासण्यांत दररोज सुमारें चार तास, अशीं वीस वर्षें त्यांनीं घालविलीं. एक पैसाही घेतला नाहीं. दुसरे डॉक्टर विल्यम मायनर, अमेरिकन सैन्यांतील शस्त्रवैद्य. यांची बुद्धि भ्रमिष्ट झाली होती आणि त्या भरांत १८७२ सालीं लंडनमध्यें त्यांच्या हातून एका निरपराध मजुराचा खून झाला. ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या तुरुंगांतील आपल्या खोलींत बसून त्यांनीं हजारों उताऱ्यांची टिपणें धाडलीं. मरे त्यांना भेटावयास गेले आणि तो कैदी आहे हें त्यांना तेथेंच प्रथम समजलें, अशी एक सुरस कथा वर्तमानपत्रांनीं पसरविली होती. ती खरी नाहीं. खरी गोष्ट कमी चमत्कारिक परंतु अधिक चांगली आहे: सर्व माहीत असून मरे त्यांना पुनःपुन्हां भेटत राहिले.

पहिला भाग १८८४ सालीं निघाला. पृष्ठें ३५२, आणि मजल कोठवर? 'ए'पासून 'अँट' म्हणजे मुंगी, येथवर! कराराचीं निम्मीं वर्षें संपलीं होतीं आणि कोश मुंगीपाशीं होता. छापखान्याच्या चालकांचा धीर सुटूं लागला. जॉवेट या कुलगुरूंनीं मरे यांच्या मसुद्यांत आपल्या मतें सुधारणा सुचविल्या. उतारे कमी करा, वर्तमानपत्रांतील वाक्यें घेऊं नका, अमक्या कोशाच्या इतक्या पटीबाहेर जाऊं नका, अशा आज्ञा येऊं लागल्या. मरे अडून बसले. सांपडलेलें प्रमाण टाकावयाचें तर कोश लिहावयाचाच कशाला, असें त्यांचें म्हणणें. हा हट्ट स्वस्तांतला नव्हता. मदतनिसांचे पगार त्यांना ठरीव रकमेंतूनच भागवावे लागत, घरांत मुलें वाढत होतीं आणि डोक्यावर कर्ज होतें. राजीनाम्याचा विचार त्यांच्या मनांत एकदां नव्हे, अनेकदां आला. १८९६ च्या सुमारास तर कोशच थांबवावा कीं काय येथपर्यंत पाळी आली होती. माझ्या मतें चालकांकडेही थोडा न्याय होता, कारण पैसा पाण्यासारखा चालला होता आणि शेवट दिसत नव्हता. परंतु आज त्या चालकांची काटकसर कोणाच्या उपयोगी पडत नाहीं. मरे यांचे उतारे पडतात. जॉवेट यांच्याशीं पुढें त्यांचा इतका स्नेह जमला कीं एका मुलास त्यांनीं जॉवेट हें नांव दिलें. तो मुलगा मोठेपणीं मिशनरी होऊन चीनमध्यें गेला.

१८८५ सालीं मरे यांनीं शाळा सोडली व ते ऑक्सफर्डला राहावयास गेले. तेथील बागेंतही पत्र्याची खोली उभी राहिली; पण शेजाऱ्याच्या दृष्टीस ती खुपूं नये म्हणून जमीन खणून कांहीं फूट खालीं बसवावी लागली. त्यामुळें ओल धरली, आणि हिवाळ्यांत पाय पेटींत घालून बसावें लागे. दाराशीं टपालखात्यानें खास पेटी बसविली. क्यू येथील वनस्पतिबागेच्या अधिकाऱ्यांपासून कारखान्यांतील कारागिरांपर्यंत कोणालाही ते शब्दाविषयीं पत्र लिहीत. अकरा मुलें झालीं. ऑस्विन, एथेलबर्ट, एल्फ्रिक, रॉस्फ्रिथ अशीं जुन्या इंग्रजींतलीं नांवें त्यांतल्या कित्येकांच्या वांट्यास आलीं, आणि चिठ्ठ्या अक्षरानुक्रमें लावण्याचें काम सगळ्यांच्याच. वयाप्रमाणें तासाला थोडी मजुरी मिळे. खाऊचे पैसे असे शब्दकोशांतून मिळवावे लागले! रविवारीं मात्र काम बंद. कुटुंब प्रार्थनेस जाई.

उच्चार दाखविण्यासाठीं मरे यांनीं स्वतःची चिन्हपद्धति तयार केली. तींत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे ती फार सूक्ष्म होती, आणि दुसरी अशी कीं, एका शब्दाचे दोन उच्चार सुशिक्षित माणसांत चालत असतील तर ते दोन्ही नोंदीत. अमुकच बरोबर असा हुकूम सोडीत नसत. हा गुण शिक्षकांत विरळा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्या चिन्हांच्या जागीं आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपि आली.

अर्थांच्या बाबतींत त्यांच्या स्वतःच्या भागांतील दोनतीन शब्द पाहा. 'डिअर' म्हणजे आज हरिण. जुन्या इंग्रजींत तो शब्द कोणत्याही पशूस लागे. आपला 'मृग' संस्कृतांत नेमका याच वाटेनें आला. पूर्वीं कोणतेंही रानटी जनावर, मग हरिण. म्हणूनच सिंहाला मृगेंद्र म्हणतात. 'प्रिव्हेंट' याचा मूळ लॅटिन अर्थ पुढें येणें, आधीं पोंचणें. १६११ च्या इंग्रजी बायबलांत तो त्याच अर्थानें आहे, आणि आजचा 'अडविणें' हा अर्थ तेथें घातला कीं सारें वाक्य उलटेंपालटें होतें. 'जंगल' हा शब्द तर आपल्याकडूनच गेला. संस्कृत 'जांगल' म्हणजे कोरडी, उजाड जमीन. आज इंग्रजींत त्याचा अर्थ ओलें, दाट, निबिड अरण्य! आणि 'मुंगूस' हा आपला मराठी प्राणी 'मंगूस' होऊन त्या कोशांत बसला आहे; पण 'एम' अक्षर मरे यांचें नव्हे, त्यांचे सहसंपादक हेन्री ब्रॅडली यांचें.

१९०८ सालीं बादशहांनीं मरे यांना 'नाइट' केलें. ज्या शब्दाचा पोऱ्यापासून सरदारापर्यंतचा प्रवास त्यांनीं स्वतः लिहिला होता तोच शेवटीं त्यांच्या नांवाला चिकटला. ज्या विद्यापीठाचें नांव त्या कोशामुळें जगभर झालें त्या ऑक्सफर्डनें मात्र डॉक्टरची पदवी द्यावयास १९१४ साल उजाडूं दिलें. शिंप्याचा मुलगा आणि राष्ट्रीय चर्चबाहेरचा ख्रिस्ती असलेल्या मरे यांना तेथील कोणत्याही कॉलेजानें फेलो केलें नाहीं.

इतक्या काळजीच्या कामांतही चूक राहिलीच. 'बाँडमेड' म्हणजे दासी हा बायबलांतला शब्द 'बी'च्या भागांतून गळाला. भाग छापून गेल्यावर त्याच्या चिठ्ठ्या सांपडल्या. तो शब्द कोशांत यावयास १९३३ ची पुरवणी उजाडली.

आपल्या ऐंशीव्या वाढदिवसापर्यंत कोश पुरा व्हावा, अशी मरे यांची इच्छा होती. 'ए'पासून 'डी', 'एच'पासून 'के', 'ओ', 'पी' आणि 'टी' हीं अक्षरें त्यांच्या हातचीं; सबंध ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग. महायुद्ध सुरू झालें, मदतनीस सैन्यांत गेले, प्रकृति ढासळली. तरी ते 'टी'च्या चिठ्ठ्या घेऊन त्या थंड खोलींत बसत. २६ जुलै १९१५ रोजीं फुप्फुसाच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें, त्या वेळीं ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कोश पुरा झाला १९२८ सालीं. त्यांत चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर उतारे आले. मुलगी रॉस्फ्रिथ शेवटपर्यंत त्या कामावर होती. मरे यांना ऑक्सफर्डजवळ वुल्व्हरकोट येथील स्मशानभूमींत पुरलें आहे. शेजारीं त्यांचे परममित्र जेम्स लेग यांची समाधि आहे. हाँगकाँगला मिशनरी असतां ज्यांनीं चिनी धर्मग्रंथांचें इंग्रजींत भाषांतर केलें तेच हे लेग. त्यांच्याजवळ आपणांस जागा मिळावी, असें मरे यांनींच सांगून ठेवलें होतें.